डॉक्टरांना शिकवायला कोण शिकवतं? मेडिकल एज्युकेशन फेलोशिप म्हणजे काय

पाचवीच्या वर्गाला गणित शिकवायचं तर डीएड लागतं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना सर्जरी शिकवायला मात्र अध्यापनाची कुठलीही पदवी लागत नाही. एमएस झालं, असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाली, की दुसऱ्या दिवसापासून लेक्चर सुरू. मग बहुतेक जण आपल्या सरांनी जसं शिकवलं तसंच शिकवतात. राऊंडला सगळ्यांदेखत प्रश्नांच्या फैरी झाडणारे सर मिळाले असतील, तर पुढच्या पिढीच्या वाट्यालाही तेच येतं.

हा प्रश्न जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत बफलो विद्यापीठात जॉर्ज मिलर या डॉक्टरने शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन वैद्यकीय शिक्षकांना शिकवायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र उभं राहिलं आणि नोकरी करता करता घेता येतील अशा फेलोशिप निघाल्या.

भारतात या संदर्भात सर्वाधिक ऐकू येणारं नाव म्हणजे 'फायमर'. परदेशी डॉक्टरांना अमेरिकेत काम करण्यासाठी 'ईसीएफएमजी' या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. याच संस्थेने २००० मध्ये फिलाडेल्फियात फायमरची स्थापना केली. गंमत बघा, एक संस्था डॉक्टरांना अमेरिकेचं दार उघडून देते आणि तिचंच अपत्य मायदेशी राहून शिकवणाऱ्यांना बळ देतं. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज म्हणजे केईएममध्ये फायमरचं प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये सुरू झालं. त्यानंतर लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणि कोईमतूरच्या पीएसजीमध्ये केंद्रं आली.

दोन वर्षांत होतं काय?

नोकरी सोडावी लागत नाही. सुरुवातीला काही दिवसांचं निवासी सत्र, मग आपापल्या कॉलेजात परत. वर्षभर ईमेलवर चर्चा चालतात आणि त्या फेलोच चालवतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा निवासी सत्र होतं, तेव्हा नवी बॅचही आलेली असते. कालचा शिकणारा आज नव्या माणसाला हाताशी धरतो.

पण खरा गाभा आहे तो प्रकल्पाचा. प्रत्येकाला आपल्याच कॉलेजातली शिकवण्याची किंवा परीक्षेची एक अडचण घेऊन तिच्यावर काम करावं लागतं. समजा, बालरोग विभागातल्या एका असोसिएट प्रोफेसर मॅडमना प्रॅक्टिकल परीक्षा बदलायची आहे. जुन्या पद्धतीत कोणाला साधी केस मिळते, कोणाला गुंतागुंतीची. परीक्षकाचा मूड हा आणखी एक घटक. त्यावर उपाय म्हणून त्यांना 'ऑस्की' आणायची आहे. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून मांडलेली ही पद्धत. विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर जातात, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटं, ठरावीक काम आणि सगळ्यांना तीच चेकलिस्ट.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात मॅडमना आधी एचओडींना पटवावं लागतं, ओपीडीच्या वेळेत खोल्या मिळवाव्या लागतात, 'आमच्या वेळी हे नव्हतं, तरी आम्ही डॉक्टर झालोच ना' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना परीक्षक म्हणून बसवावं लागतं. नंतर निकाल तपासायचे, विद्यार्थ्यांचं म्हणणं नोंदवायचं आणि सगळं लिहून काढायचं. म्हणूनच या फेलोशिपमध्ये अध्यापनाच्या तंत्रांइतकाच भर नेतृत्व आणि माणसं सोबत घेण्यावर असतो. माझ्या मते तिचा सगळ्यात टिकाऊ भाग हाच. चांगलं लेक्चर कसं द्यावं हे तीन दिवसांच्या कार्यशाळेतही शिकता येतं.

करिअरला वळण कसं मिळतं?

फेलोशिपनंतर माणूस कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटमध्ये किंवा अभ्यासक्रम समितीवर दिसू लागतो. इतर कॉलेजांत कार्यशाळा घ्यायला बोलावणं येतं, शिक्षणावरचे शोधनिबंध लिहिले जातात. काही जण पुढे हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशनमध्ये मास्टर्स करतात. सर्जन सर्जनच राहतो, पण 'शिक्षण' ही त्याची दुसरी स्पेशालिटी होते. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हा तो समजावून सांगू शकणाऱ्या माणसांची गरज अचानक वाढली. ज्यांची तयारी आधीपासून होती, त्यांच्याकडे काम आपोआप आलं.

मात्र अडचण पुढेच आहे. असोसिएट प्रोफेसर होण्यासाठी बेसिक कोर्स लागतो. दोन वर्षांच्या फेलोशिपची अट नाही. विभागात मान मिळतो तो ऑपरेशनांना, ओपीडीतल्या गर्दीला आणि विषयातल्या संशोधनाला. युनिटचं काम बहुधा रुग्णसेवा सांभाळून, वेगळा वेळ न मिळता करावं लागतं. डीनची बदली झाली की सुरू केलेला प्रयोग बंद पडू शकतो. फेलोशिपमधून परतलेल्या अनेकांची खरी कसोटी इथे लागते, आणि त्या वेळी बॅचमेट्सचा ईमेल ग्रुप हाच आधार ठरतो.

फेलोशिपचा उपयोग होतो याला पुरावा काय? यव्हॉन स्टायनर्ट आणि सहकाऱ्यांनी शिक्षक-प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे घेतले. २००६ च्या आढाव्यात ५३ आणि २०१६ च्या आढाव्यात १११ अभ्यास होते. प्रशिक्षण घेणारे समाधानी असतात, त्यांचं ज्ञान आणि वागणं बदलतं, प्रत्यक्ष सराव, फीडबॅक आणि सहकाऱ्यांची साथ असेल तर फायदा अधिक, हे त्यांतून दिसतं. पण बरीचशी माहिती प्रशिक्षणार्थींनी स्वतःबद्दल सांगितलेली आहे. शिवाय फेलोशिपला अर्ज करणारा डॉक्टर मुळातच शिकवण्यात रस असलेला असतो. त्यामुळे पुढच्या यशातला किती वाटा फेलोशिपचा आणि किती त्याच्या स्वभावाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. विद्यार्थ्यांवर आणि शेवटी रुग्णांवर काय परिणाम होतो, हे मोजणारे अभ्यास तर फारच थोडे.

अर्ज करायचा विचार असेल तर एक व्यवहाराची गोष्ट: अर्जासोबत कॉलेजच्या प्रमुखांचं संमतिपत्र लागतं. ते मागायला जाताना प्रकल्प आणि त्यासाठी आठवड्यातले किती तास मोकळे हवेत, हेही तेव्हाच बोलून घ्या. सही मिळाल्यानंतर हे तास मिळवणं जास्त कठीण जातं.