काझी: शिकवणारा आणि निवाडा देणारा

आपल्या पनवेलमध्ये बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. ते बेने इस्राएल समाजाचं. कोकणात हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना म्हणायचे शनवार तेली.

परंपरा सांगते, डेव्हिड रहाबी नावाच्या माणसाने त्यांना धर्म नीट शिकवला आणि तिघांना तयार केलं. त्यांना नाव पडलं काझी. शब्द अरबी, अर्थ न्यायाधीश. पण हे काझी गावोगाव फिरून धर्म सांगायचे, लग्नं लावायचे आणि भांडणंही मिटवायचे.

दोन्ही कामं एकाच माणसाकडे? मला विचित्र वाटलं. मग बायबलमधलं 'अनुवाद' हे पुस्तक उघडलं. नगरोनगरी वेशीत न्यायाधीश नेमा, लाच घेऊ नका, असं तिथे सांगितलंय. अवघड खटला मात्र याजक आणि न्यायाधीशापुढे न्यायचा. 'तोरा' या हिब्रू शब्दाचा अर्थच शिकवण!

मी अ‍ॅप बनवतो. त्यातल्या अटी न वाचताच लोक 'मान्य' दाबतात. मीसुद्धा. पण जो नियम कुणी शिकवलाच नाही, तो मोडला म्हणून शिक्षा कशी द्यायची?