कर्ण्यातून ऐकलेला देश

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एका चर्चासत्रानंतर चहापानाच्या वेळी आमचे एक निवृत्त गुरुजी घोळक्याच्या कडेला उभे होते. प्रत्येक वाक्याला ते मान डोलावत होते. आम्ही एका संदर्भाविषयी विचारले, तेव्हाही त्यांनी नुसतीच हसून मान डोलावली. सरांचे आता वाङ्मयात लक्ष उरलेले नाही, असे आम्ही आपापसांत बोललोही. पुढे त्यांच्या घरी, शांत खोलीत, त्याच संदर्भावर ते तासभर बोलले आणि आमची चूक आम्हाला कळली. सरांना ऐकू येत होते. गलक्यात समजत मात्र नव्हते. या दोन गोष्टींमधील अंतराला इतिहास आहे आणि त्यातले एक पान थेट वाङ्मयाचे आहे.

हॅरिएट मार्टिनो (१८०२–१८७६) या इंग्रज लेखिकेची श्रवणशक्ती लहानपणीच मंदावू लागली आणि विशीच्या सुमारास बहिरेपण पक्के झाले. अर्थशास्त्राची तत्त्वे कथारूपाने सांगणाऱ्या पुस्तकमालेने त्या १८३२ ते १८३४ या काळात प्रसिद्धीस आल्या. १८३४ मध्येच त्यांनी कर्णबधिरांना उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले. आपले न्यून लपवू नका, कर्णा वापरण्याची लाज बाळगू नका, हा त्यातील उपदेश. त्याच वर्षी त्या कर्णा घेऊन अमेरिकेला निघाल्या आणि दोन वर्षे तो देश हिंडल्या.

हा कर्णा म्हणजे एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली नळी. रुंद तोंड बोलणाऱ्यापुढे धरायचे, निमुळते टोक कानात. आवाज गोळा करणे हे त्याचे काम आपण जाणतो. पण गलबल्यात त्याचा खरा उपयोग निराळाच होता. बोलणाऱ्याच्या ओठांजवळ तोंड नेले की त्याचा शब्द मोठा होतो आणि भोवतालचा कोलाहल त्या मानाने मागे पडतो. दोघांमधील अंतर कमी होते, हेच त्याचे मर्म.

‘सोसायटी इन अमेरिका’ (१८३७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकात मार्टिनोबाईंनी या प्रश्नाला स्वतःच हात घातला आहे. जिला ऐकू येत नाही तिने परक्या समाजाचे निरीक्षण कसे करावे, हा तो प्रश्न. त्यावर त्यांचे उत्तर असे की, कर्ण्यामुळे संभाषणात एक निवांत खासगीपणा येतो आणि माणसे एरवी सांगणार नाहीत ते सांगतात. मात्र रस्त्यावरचे, प्रवासी गाड्यांमधले, खाणावळींमधले सहज कानावर पडणारे बोलणे आपल्याला मुकले, हेही त्या मान्य करतात.

ही कबुली आम्हाला फार मोलाची वाटते. प्रवासवर्णन वाचताना लेखकाची दृष्टी, वर्ग, पूर्वग्रह हे सारे आपण विचारात घेतो. त्याचा कान विचारात घेत नाही. मार्टिनोबाईंचा अमेरिका हा पुष्कळसा एकेकट्या माणसाने सांगितलेला देश आहे. गर्दीचा एकत्रित आवाज त्यांनी फारसा ऐकला नाही. पण ज्याने कर्ण्यात बोलायचे, त्याला थांबून, शब्द निवडून, त्यांच्याजवळ येऊन बोलावे लागे.

जवळ येण्याचेही प्रकार असतात. पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी १८१९ मध्ये लंडनच्या रेन या कारागिराने एक सिंहासन बनवले. त्याचे हात म्हणजे उघड्या जबड्यांचे सिंह. दरबाऱ्यांनी गुडघे टेकून त्या जबड्यांत बोलायचे आणि आवाज नळ्यांतून राजाच्या कानाशी जायचा. याच काळात पंख्यांत, केशभूषेत, दाढीत लपणारी श्रवणसाधनेही तयार होऊ लागली. राजाला आपले न्यून सत्तेखाली झाकता आले, इतरांना अलंकाराखाली. मार्टिनोबाईंनी ते हातात धरले.

विसाव्या शतकात विजेची श्रवणयंत्रे आली. त्यांनी आवाज वाढवला, पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि कपबशांचा खणखणाटही वाढवला. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवून प्रयोग केले. एका भाषणाकडे लक्ष देणाऱ्याला दुसऱ्या कानातली भाषा बदलली तरी त्याचा पत्ता लागत नसे. निरोगी श्रवणाची ही निवडीची शक्ती अंतःकर्णाच्या बिघाडात क्षीण होते. म्हणून नुसता मोठा आवाज पुरत नाही. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ मध्येच दुसरी वाट दाखवली होती. वक्त्याजवळच्या ध्वनिग्राहकातला आवाज सभागृहाभोवती फिरवलेल्या तारेच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट यंत्रातील वेटोळ्यापर्यंत न्यायचा. आज शिक्षकाच्या कॉलरला लावायचे छोटे बिनतारी ध्वनिग्राहक मिळतात. तंत्र बदलले, तत्त्व कर्ण्याचेच राहिले: ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा.

म्हणजे यातला अर्धा भार बोलणाऱ्यावर आहे. कॉलरला यंत्र लावायला शिक्षक तयार हवा. कर्ण्याकडे वाकायला यजमान तयार हवा. आम्ही दोघेही त्या दिवशी तयार नव्हतो.

यंदाच्या चर्चासत्रात आम्ही सरांचा चहा ग्रंथालयामागच्या छोट्या खोलीत नेला. दार लावले, पंखा बंद केला, समोर बसलो. सरांनी आमच्या निबंधातील एका सनाची चूक दाखवली. ती गेल्या वर्षीच्या निबंधातही तशीच होती.