आगळ आधी, सरबत नंतर

बाहेर ऊन रणरणतंय, तेव्हा आज किल्ले आणि लढाया बाजूला ठेवू आणि पिण्याच्या गोष्टीकडे वळू.

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड. या किनाऱ्यावर कुठेही गाडी थांबवा, टपरीवर लाल बाटल्या मांडलेल्या दिसतात. वर लिहिलेलं असतं, ‘कोकणचं पारंपरिक कोकम सरबत’. छान लागतं, मीही पितो. पण ‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबायचं असतं. परंपरा किती पिढ्यांची? या बाटलीच्या बाबतीत हाच प्रश्न सोपा करून विचारता येतो. यातली साखर कुठून आली?

आजची कृती तुम्हाला माहीत आहे. रातांबे धुवायचे, फोडायचे, बिया काढायच्या. सालींच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत थरावर थर लावायचे आणि सात-आठ दिवस बरणी उन्हात ठेवायची. एक किलो सालीला साधारण दोन किलो साखर. म्हणजे फळाच्या दुप्पट! ही साखर नुसती चवीसाठी नसते. तिनेच तो अर्क टिकतो, कारण पाक दाट असला की बुरशीला वाढायला पाणीच मिळत नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या घरात ही दोन किलो साखर येणार कुठून? आपल्या किनाऱ्याची पिकं म्हणजे भात, नारळ, सुपारी. ऊस घाटावरचा. पांढरी साखर तर त्याहून लांबची, आणि याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस. साखर जहाजातून यायची, पुढे जावाहूनही येऊ लागली. 1932 साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं, तेव्हा इथले कारखाने वाढले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला तो 1950 च्या सुमारास. त्यानंतरही साखर कितीतरी वर्षं रेशनच्या रांगेत उभं राहून घ्यावी लागे. चहाला जपून वापरायची साखर कोण बरणीत ओतणार? एखाद्या सुखवस्तू घरात करतही असतील, नाही असं नाही. पण घरोघरी सरबताच्या बरण्या भरायला लागल्या, त्याला माझ्या मते पन्नास-साठ वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नाही.

मग त्याआधी काय? त्याआधी मीठ.

साखर लांबची होती, पण मीठ दाराशी होतं. पेण, उरण, अलिबाग या तालुक्यांत खाडीकाठी मिठागरं पसरलेली. त्यामुळे रातांबा टिकवायचा तो मिठात. साली मिठात मुरवून जो रस सुटतो, तो आगळ. बियांभोवतीच्या गरात मीठ घालून त्या रसात साली पुन्हा पुन्हा बुडवायच्या, दरवेळी उन्हात वाळवायच्या, म्हणजे पुटं द्यायची. काळ्या पडेपर्यंत वाळलेल्या साली म्हणजे आमसुलं. बियाही टाकत नसत. त्यांच्या तेलाचे गोळे, मुठेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला.

आणि हे सगळं घाईचं. रातांबा पिकतो एप्रिल-मेमध्ये, मृग येतो 7 जूनच्या आसपास. मधल्या चार-पाच आठवड्यांत सगळं वाळलं पाहिजे. वळिवाची एक सर आली तर अंगणभर पसरलेल्या साली उचलायला घरातल्या बायका धावणार, आणि भिजल्या तर वर्षभराची आमटी-कढी गेली. या कामाची नोंद कुठल्या दफ्तरात सापडत नाही, म्हणून ते इतिहासात येत नाही. फळाची नोंद मात्र जुनी आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 च्या आपल्या ग्रंथात या आंबट फळाचा उल्लेख केला. नाव दिलंय ‘ब्रिंदोंइश’, म्हणजे आपलं भिरंड. याची साल व्हिनेगर करण्यासाठी समुद्रमार्गे नेतात, असंही तो सांगतो. साखरेचं नाव नाही, हे लक्षात घ्या.

आता मीठ दाराशी होतं म्हणालो, पण फुकट नव्हतं. इंग्रजी अमलात मिठावर कर होता. 1923 साली तो दुप्पट करून मणामागे अडीच रुपये केला, पुढच्या वर्षी परत खाली आणावा लागला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाबद्दल बोलताना आपण दांडीला जातो. मला मात्र आमसुलांची परात दिसते. खाडीचं पाणी वाळून समोर मीठ तयार होतंय, आणि बरणीत घालायच्या मुठीमुठीवर कर.

गोड पेयं नव्हतीच का? होती, पण दिवस ठरलेला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं, गुळाचं. पन्हं हा शब्द संस्कृत ‘पानक’ च्या घरातला. ‘सरबत’ मात्र अरबी-फारसीतून, बंदरांच्या वाटेने आलेला.

आणि या शब्दाशी जोडलेली एक फार सुंदर गोष्ट याच किनाऱ्यावरची आहे. अलिबागची इस्रायल आळी तुम्ही पाहिली असेल. बेने इस्रायल मंडळी, म्हणजे आपले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेत द्राक्षाची वाइन लागते, तिच्यावर जो आशीर्वाद म्हणतात तो किद्दुश. इथे विधीला चालेल अशी वाइन कुठून आणणार? मग त्यांनी काळ्या मनुका पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या, आणि त्या सरबतावर आशीर्वाद म्हटला. आजही म्हणतात. मनुकाही बाहेरूनच येणाऱ्या, पण गोडी त्यांची त्यांच्यात. साखर न घालता गोड झालेलं हे आपल्याकडचं सरबत. टपरीवर ते मिळत नाही, पण ‘पारंपरिक’ ची पाटी लावायचीच तर तिचा पहिला मान त्याचा.

बर्फाचं विचारू नका. 1830 च्या दशकात अमेरिकेहून बर्फ जहाजाने मुंबईत आला, पण तो श्रीमंतांच्या मेजवान्यांपुरता. खाडीच्या अलीकडे माठ होता.

एका ताईंची चिठ्ठी आलीय, आगळ घरी कसं करायचं? सोपं आहे. काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्या, धातूचं भांडं नको. सालींच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं जाडं मीठ. रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवा. आठवड्यानंतर गाळून घ्या. पेलाभर माठाच्या पाण्यात दोन चमचे आगळ आणि भरडलेलं जिरं. वरून मीठ घालू नका, त्यात आहेच. आंबट वाटलं तर गुळाचा खडा टाका. रातांबे मात्र या पंधरवड्यातच घ्या, पाऊस लागला की मिळाले तरी पाणचट निघतात.