जहागिरीचा सातबारा कोरा झाला, कुळांचे काय?

१/ आयर्लंडचा महादुष्काळ म्हटला की बटाट्यावरील करपा, दहा लाखांच्या आसपास मृत्यू आणि अमेरिकेकडे निघालेली जहाजे आठवतात. त्याच दुष्काळात जमीनदारही बुडाले. त्यांच्या जहागिरी विकून देणी भागवण्यासाठी ब्रिटिश संसदेने १८४९ मध्ये एक स्वतंत्र न्यायालय उभे केले. हा थ्रेड त्या न्यायालयाविषयी, आणि ज्यांचे देणे त्याच्या हिशेबात कधी आलेच नाही त्यांच्याविषयी.

२/ जहागिरींवरील कर्ज दुष्काळाहून जुने होते. घराण्याच्या करारनाम्यानुसार जमीन अखंडपणे थोरल्या मुलाकडे जाई. मात्र विधवा आईची वार्षिक नेमणूक, धाकट्या भावांचे हिस्से, बहिणींचे हुंडे या सर्वांचा बोजा त्याच जमिनीवर चढे. वर गहाणखते. दोन-तीन पिढ्यांत मालक बहुधा नावापुरताच मालक उरे.

३/ प्रत्यक्ष कारभार एजंट पाही. खंड वसूल करणे, भाडेपट्टे करणे, थकबाकीदाराला बेदखल करणे ही त्याची कामे. मोबदला बहुधा वसुलीवरील टक्केवारीत. प्रकरण चान्सरी न्यायालयात गेले की तेथे रिसीव्हर येई. तो खंड गोळा करी. परंतु जमीन सुधारण्यात त्याला रस नसे आणि अधिकारही तोकडा असे. अशा जहागिरी वर्षानुवर्षे नुसत्या पडून राहत.

४/ दुष्काळात खंड थांबला आणि गरिबांच्या पोषणासाठीचा स्थानिक कर मात्र वाढत गेला. चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्यांकनाच्या जमिनीवरील हा कर कुळाऐवजी जमीनदाराने भरायचा, असा नियम होता. लहान कूळ हटवले की कर वाचतो, हे गणित त्यातून जन्मले. गरिबांसाठीच्या करानेच गरिबांची घरे पाडावीत, यासारखा उफराटा न्याय क्वचितच आढळेल.

५/ जमीन विकून मोकळे होणेही सोपे नव्हते. मालकीच्या कागदांत इतके दावे गुंतलेले असत की खरेदीदार बिचके. १८४८ चा पहिला कायदा फसला. दुसऱ्या वर्षीच्या एन्कम्बर्ड इस्टेट्स कायद्याने तीन आयुक्तांचे न्यायालय नेमले. त्यांतील माउंटिफोर्ट लाँगफील्ड हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील राजकीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक.

६/ मालक किंवा सावकार अर्ज करी. न्यायालय जमीन विके, आलेला पैसा धनकोंमध्ये अग्रक्रमाने वाटी आणि खरेदीदाराला 'संसदीय हक्कपत्र' देई. त्या दस्तात नमूद नसलेला कोणताही जुना दावा पुढे चालत नसे. आपल्या भाषेत, सातबारा कोरा. पहिल्या आठ-नऊ वर्षांत अशा तीन हजारांहून अधिक जहागिरी विकल्या गेल्या. उलाढाल दोन कोटी पौंडांवर गेली.

७/ कॉनेमारातील मार्टिन घराण्याचे उदाहरण पाहावे. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध १८२२ चा कायदा मंजूर करवून घेणारे रिचर्ड मार्टिन याच घराण्यातले. जहागीर दोन लाख एकरांच्या आसपास. ती लंडनच्या लॉ लाइफ विमा कंपनीकडे गहाण. १८४७ मध्ये रिचर्ड यांचे पुत्र थॉमस वर्कहाउसमधील आपल्या कुळांना भेटायला गेले आणि तेथील तापाने दगावले. मुलगी मेरी वारस ठरली. हाती जवळपास काहीच आले नाही. देश सोडून ती अमेरिकेला निघाली आणि १८५० मध्ये, प्रवासातील बाळंतपणानंतर, न्यूयॉर्कमध्ये वारली. जहागीर अखेर विमा कंपनीनेच घेतली. कॉनेमाराचा सर्वांत मोठा जमीनदार आता लंडनमधील एक कचेरी होती.

८/ विक्रीपूर्वी प्रत्येक जहागिरीचे छापील पत्रक निघे. त्यात नकाशे, कुळांची नावे, खंड, पट्ट्याची मुदत. आज आयरिश लोक पूर्वजांच्या शोधात हीच पत्रके चाळतात. पण त्यांत एक रकाना नव्हता. दगड वेचून, चर खणून, समुद्रशेवाळाचे खत वाहून कुळाने शेत घडवलेले असे. त्या श्रमाची किंमत कुठेच लिहिलेली नसे. लेखी पट्टा असेल तर तो दस्तात येई आणि टिके. बहुसंख्य कुळांकडे तो नव्हताच. अल्स्टरमध्ये वहिवाटीचा हक्क विकण्याची प्रथा होती. कायद्याच्या लेखी तीही केवळ प्रथाच.

९/ सावकाराचा दावा कागदावर होता, म्हणून त्याला पैसे मिळाले. कुळाचा दावा जमिनीत होता, म्हणून तो जमिनीबरोबर विकला गेला.

१०/ इंग्रज भांडवल येईल ही सरकारची अपेक्षा होती. खरेदीदार निघाले बहुतांशी आयरिशच. वकील, व्यापारी, इतर जमीनदार. त्यांना गुंतवणुकीवर परतावा हवा होता. बुडीत जहागिरी घेणाऱ्या जॉन जॉर्ज अडेरने १८५० च्या दशकाअखेरीस डोनेगलमध्ये जमिनी घेतल्या. एप्रिल १८६१ मध्ये त्याने डेरीव्हेची ४७ कुटुंबे, २४४ माणसे बाहेर काढली.

११/ सुधारणांची भरपाई कायद्यात यायला १८७० उजाडले, रास्त खंड ठरवणारे न्यायालय १८८१ मध्ये आले. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्जावर कुळेच जमीन विकत घेऊ लागली. विकणाऱ्या जमीनदाराला वर १२ टक्के बोनस. हप्ते अडुसष्ट वर्षांचे. आजोबांनी वेचलेल्या दगडांची किंमत नातवंडे फेडत होती.

१२/ आणि मार्टिन घराण्याचा बॅलिनाहिंचचा वाडा? १८७२ मध्ये तो लंडनच्या एका मद्यउत्पादकाकडे गेला. १९२४ मध्ये तो विकत घेतला नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो त्या रणजितसिंहजींनी. तेथील नदीत ते उन्हाळ्यात मासेमारी करीत.