चूल, वाफ आणि सूर्य

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची पहिली सभा भरली, तेव्हा या परगावी बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबांच्या ट्रंकांत काय काय होते, याची यादी कोणी केलेली नाही. मंडळाच्या दप्तरात अध्यक्ष-चिटणिसांची नावे आहेत, जमाखर्च आहे, गणेशोत्सवातील नाटकांची हस्तपत्रके आहेत. पोळपाट-लाटणे, विळी, पुरणयंत्र आणि पितळेचा तीन डब्यांचा कुकर यांची नोंद मात्र त्यात सापडावयाची नाही. वस्तुतः या वस्तूंवाचून मंडळाचा एकही उत्सव पार पडला नसता. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही येथे आलो तेव्हा भाषेच्या आधी आम्हांस जाळाने अडविले. गावाकडे लाकडी कोळशाच्या शेगडीची सवय. येथे दगडी कोळशाची अंगीठी. ती अंगणात पेटवावयाची, धूर निघून जाईपर्यंत वारा घालावयाचा आणि निखारे लाल झाले म्हणजे उचलून आत आणावयाची. गॅससाठी नाव नोंदवून वर्षे मोजावी लागत, रॉकेल रांगेत उभे राहून मिळे. त्यातून पाणी जड असले तर तुरीची डाळ शिजता शिजत नसे. अशा दिवसांत 'जाळ कमी लागेल, धूर होणार नाही, राखण बसावे लागणार नाही' असे सांगणारी कोणतीही नवी चीज बाजारात आली की घरोघरी तिची चर्चा होई. काही चिजा टिकल्या, काही वर्षाच्या आत माळ्यावर गेल्या. कोणती वस्तू टिकते आणि कोणती माळ्यावर जाते, या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता आम्हांस जवळजवळ दीडशे वर्षे मागे, मुंबईच्या कुलाब्यापर्यंत जावे लागले.

उन्हावर अन्न शिजविण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. जिनीव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली एकात एक बसणाऱ्या काचेच्या पेट्या करून उन्हाची उष्णता आत कोंडून दाखविली व तीत फळे शिजविली. पुढे फ्रान्समधील मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाने ऊन आरशांनी एकवटून वाफेचे एंजिन चालविले. १८७८च्या पॅरिस येथील प्रदर्शनात तर त्याने उन्हाच्या बळावर बर्फ तयार करून प्रेक्षकांस थक्क केले. मूशोचे लेखन विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या, मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या एका इंग्रज गृहस्थाच्या वाचनात आले. ज्या देशात लाकूड आणि कोळसा महाग, परंतु ऊन फुकट, त्या देशात सूर्य हेच सरपण का होऊ नये, असा प्रश्न त्यास पडला. १८७८ साली त्याने मुंबईत या विषयावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले.

अ‍ॅडम्सने नुसते पुस्तक लिहिले नाही. मधल्या कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने सपाट आरशांच्या रांगा अर्धवर्तुळात उभ्या केल्या, त्यांचे कवडसे एका बाष्पपात्रावर आणले आणि अडीच अश्वशक्तीचे एंजिन सुमारे दोन आठवडे उन्हावर चालवून दाखविले. मूशोचे धातूचे आरसे महाग पडत व लवकर मळत. अ‍ॅडम्सने त्याऐवजी साध्या काचेचे आरसे वापरले, ही त्याची व्यवहारदृष्टी. त्याच तत्त्वावर त्याने एक सौरचूलही केली. आठ आरशांचे नरसाळे, मध्ये भांडे, भांड्यावर काचेची घंटा. ऐन जानेवारी महिन्यात या चुलीवर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला, असे त्या काळी प्रसिद्ध झाले. आपल्याच मुंबईत घडलेली ही गोष्ट आमच्यापैकी किती जणांस ठाऊक होती?

एवढे होऊनही ती चूल कोणाच्या अंगणात गेली नाही. तिची कृती चोख होती. परंतु मुंबईत चार महिने पावसाळा असतो, भाकरीचा तवा पहाटे चढतो आणि रात्रीचे जेवण दिवस मावळल्यावर होते. जो स्वयंपाक करणार त्याचा दिवस कसा जातो, हा प्रश्न त्या गणितात नव्हता, असे आम्हांस वाटते. पुढील शतकभर अनेक विद्वान याच ठिकाणी ठेचकाळले.

याच्या नेमके उलट उदाहरण कलकत्त्यात घडले. डॉ. इंदुमाधव मल्लिक हे वैद्यक आणि कायदा या दोहोंत गती असलेले बंगाली गृहस्थ. त्यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादासाठी एकावर एक भांडी रचून अन्न शिजविण्याची जी रीत आहे, ती पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. एक उभा नळकांड्यासारखा डबा, तळाशी विस्तवाची जागा, थोडे पाणी आणि वर एकावर एक बसणारे डबे. एकात भात, एकात डाळ, एकात भाजी. विस्तव घालून झाकण लावावे आणि खुशाल आपल्या कामाला निघून जावे. कोळसा संपेल तेव्हा जेवण तयार असे आणि डबा बंद असल्यामुळे ते ऊनही राही. भांडे करपण्याची भीती नाही, राखण बसणे नाही.

हा कुकर टिकला, कारण तो कोणासाठी आहे हे तो घडविणाऱ्यास पक्के ठाऊक होते. परगावी नोकरीस असलेला कारकून, वसतिगृहातील विद्यार्थी, सतत दौऱ्यावर असणारा अंमलदार, म्हणजे घरापासून दूर राहणारा माणूस, त्याच्या डोळ्यांपुढे होता. आपल्या ट्रंकांतून आलेला पितळी कुकर याच कुळातला. त्याला शिट्टी नव्हती, दाब नव्हता. होती ती केवळ वाफ आणि तीन डब्यांची उतरंड. एका जाळावर तीन पदार्थ होत, ही परमुलखातील संसाराला केवढी मोठी सोय होती, हे ज्यांनी अंगीठी फुंकली आहे त्यांसच कळेल.

दाबाच्या कुकराची गोष्ट थोडी वेगळी आहे. फ्रान्सचा दनी पापँ याने १६७९ साली हाडेही मऊ करणारे बंद भांडे तयार केले आणि त्यात शिजविलेले जेवण लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांस १६८२ साली वाढले. ते भांडे सर्वसामान्यांच्या ओट्यावर येण्यास पावणेतीनशे वर्षांवर काळ लोटला. भारतात १९५९ सालापासून प्रेशर कुकरचे उत्पादन मूळ धरू लागले. आरंभी त्याचा धाक कमी नव्हता; शिट्टी होताच मुले ओट्यापासून दूर पळत. परंतु जड पाण्यातील डाळ त्याने वीस मिनिटांत लोण्यासारखी शिजविली, तेव्हा धाक मागे पडला. 'तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर' हे वाक्य मराठी घरांत कालमापनाचे एक परिमाण होऊन बसले.

आता पुन्हा सूर्याकडे वळू. जमशेदपूरचे एम. के. घोष यांनी १९४५ साली पेटीची सौरचूल तयार केली. १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अंतर्गोल चकचकीत पत्र्याची सौरचूल सिद्ध केली, तेव्हा तिचा मोठा गाजावाजा झाला. नवस्वतंत्र देशाचे शास्त्रज्ञ गरिबांच्या चुलीचा विचार करीत आहेत, याचा अभिमान वाटणे साहजिकच होते. तथापि ही चूलही चालली नाही. बाईने भर दुपारी उन्हात उभे राहावे, सूर्य सरकेल तसतसा पत्रा फिरवावा, डोळे दिपविणाऱ्या तिरिपेत भांडे ढवळावे आणि सकाळ-संध्याकाळची वेळ आली की पुन्हा जुन्याच चुलीकडे जावे, हे कोणास परवडणार? पैसे मोजून घेतलेली वस्तू जुनी चूल सुटू देत नसेल, तर तिची जागा माळ्यावरच.

धुराचा प्रश्न निराळ्या वाटेने सोडविण्याचा प्रयत्न वर्ध्यास झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत घाणी, हातकागद, अखाद्य तेलावर जळणारा मगनदीप अशा नाना वस्तूंवर काम सुरू झाले. तेथूनच १९४७च्या सुमारास 'मगनचूल' पुढे आली. माती-विटांची, दोन भांड्यांस एक जाळ पुरविणारी आणि धूर नळीवाटे छपराबाहेर सोडणारी ही चूल गृहिणीला स्वतःच्या हाताने लिंपता येत असे.

पुढे १९८३च्या अखेरीस सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली देशभर दिल्या गेल्या. त्यांपैकी पुष्कळ चुली थोड्याच दिवसांत मोडल्या किंवा पडून राहिल्या. कोठे चुलीचे तोंड घरच्या भांड्यास जुळेना, कोठे नळी साफ करण्यास माणूस नव्हता, कोठे माती तडकली. ज्या घरात भाकरी निखाऱ्याशी उभी धरून फुगवितात, त्या घरात निखारा बाहेर ओढण्यास जागा नसलेली चूल चालेल कशी? आकडा कोटींचा होता, परंतु त्या चुलींपुढे बसणाऱ्या बाईस आधी विचारलेले नव्हते. याची किंमत तिच्याच डोळ्यांनी आणि छातीने मोजली, हे विसरून चालणार नाही.

आता एका अशा शोधाकडे येऊ, ज्याची अडचण यंत्रात नव्हती, मनात होती. कुजणाऱ्या पदार्थांतून जळणारा वायू मिळतो, हे आपल्याकडे १८९७ सालीच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात प्रत्यक्षात आले. तेथील मैलापाण्याच्या वायूवर दिवे लागले. शेणाच्या वायूचा स्वीकार पुढे खेड्यांत झाला, कारण शेण पवित्र. मैल्याच्या वायूवर भात शिजवावयाचा म्हटले की मात्र घराघरांत नाके मुरडली जात. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत आणि सोपे संडास यांचे काम हाती घेतले, ते सफाईचे ओझे एकाच समाजाच्या डोक्यावर राहू नये म्हणून. हाच वारसा घेऊन देहूच्या आरोग्य केंद्रावर आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेली वायूची टाकी लोकांच्या गळी उतरविण्यात आयुष्य वेचले. तुकोबांच्या गावातील चुलींवर अशा वायूची निळी ज्योत पेटली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या टाकीपेक्षाही त्यांचा धीर मोठा होता, असे आम्ही मानतो.

पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी या विचारास आणखी एक कलाटणी दिली. ते महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. शेण म्हणजे गाईने एकदा पचविलेले अन्न. त्यात सत्त्व थोडेच उरणार. मग जंतूंना शेणाऐवजी खरेखुरे अन्नच का घालू नये, असा त्यांचा सवाल होता. शिळा भात, खराब पीठ, फळांच्या बिया असे काही किलो खाद्य घातले तर शेणाच्या पाट्यांचे काम भागते आणि टाकी गच्चीवर मावेल एवढी लहान होते. त्यांच्या संस्थेच्या या लहान संयंत्रास २००६ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्याआधी २००२ साली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कृतीस तोच मान मिळाला होता. शेतात जाळून टाकावयाच्या पाचटाचा कोळसा झाला, त्याच्या वड्या झाल्या आणि त्या वड्यांसाठी एक कुकरही निघाला. शंभर ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा भात, वरण, भाजी शिजविणारा. तळाशी विस्तव, थोडे पाणी, वर डब्यांची उतरंड! १९१० साली कलकत्त्यास निघालेली वस्तू शतकाच्या फेऱ्यानंतर उसाच्या पाचटावर पुन्हा उभी राहिली.

आणि अ‍ॅडम्सची आरशांची रांग? तीही वाया गेली नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठे परावर्तक बसविण्यात आले. ते सूर्यामागे आपोआप फिरतात, उन्हाने पाण्याची वाफ होते आणि ती नळांवाटे खाली स्वयंपाकघरात येते. आचारी सावलीत उभा राहतो. ऊन नसेल तेव्हा नेहमीचे इंधन हाताशी असतेच. कुलाब्यातील प्रयोगात जे राहून गेले होते, ते एकशे एकतीस वर्षांनी भरून निघाले. शिजविणाऱ्यास उन्हात उभे करावयाचे नाही, हे कळण्यास एवढा काळ लागला.

या साऱ्या कथेतून आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. शोधकांची नावे ग्रंथांतून सापडतात. परंतु प्रत्येक शोधाची खरी परीक्षा घेतली ती कोणत्या तरी ओट्याशी उभ्या असलेल्या बाईने. तिने होकार दिला ती वस्तू इतिहासात राहिली, तिने मान हलविली ती माळ्यावर गेली. आणि या परीक्षकांचे नाव कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांनी आपापले माळे उघडावेत. पितळी कुकर, वातीचा स्टोव्ह, पत्र्याची सौरचूल, जे सापडेल ते भंगारात देण्यापूर्वी एक दिवस मंडळाच्या सभागृहात मांडावे. ती वस्तू कोणी आणली, किती वर्षे वापरली आणि का सोडली, हे घरातील वृद्ध स्त्रियांस विचारून एका वहीत उतरून घ्यावे, त्यांच्या नावानिशी. मंडळाच्या दप्तरात अध्यक्षांच्या यादीशेजारी ती वही ठेवली जावी.