उमेदवारीची शाळा

नोकरीसाठीं निघालेल्या तरुणापाशीं पदवी आहे, संगणकाचें ज्ञान आहे. परंतु चार माणसांत नेमकें बोलण्याचें, दुसऱ्याचें विरुद्ध मत शांतपणें ऐकून घेण्याचें आणि अपयश आलें असतां स्वतःस सांवरण्याचें सामर्थ्य नाहीं, अशी तक्रार आज जिकडेतिकडे ऐकूं येते. या सामर्थ्यास 'भावनिक बुद्धिमत्ता' व 'मृदु कौशल्यें' अशीं दोन नवीं नांवें मिळालीं आहेत. नांवें नवीं म्हणून वस्तुहि नवी असावी, आणि थोड्या दिवसांच्या वर्गांत ती विकत मिळावी, या समजुतीनें पुष्कळ आईबाप पैसे मोजीत असतात. ही वस्तु पूर्वीं कोठें मिळत असे, आणि कोणास मिळत नसे, हें पाहिल्यास या समजुतींतील खरें-खोटें निवडतां येईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवांचाच इतिहास पाहूं. 'मृदु कौशल्य' हा शब्द, कोणास आश्चर्य वाटेल, पण अमेरिकन लष्कराच्या शिक्षणखात्यांत रूढ झाला. यंत्रावर चालणारें काम एकीकडे आणि माणसांशीं व कागदपत्रांशीं पडणारें काम दुसरीकडे, असा भेद तेथें करण्यांत आला, व या दुसऱ्या प्रकाराच्या शिक्षणाविषयीं १९७२ सालीं एक परिषदहि भरली. 'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनीं १९९० सालीं मांडली, आणि १९९५ मध्यें डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथानें ती घरोघरीं पोंचविली. परंतु अनुभव यापेक्षां जुना आहे. १९१८ सालीं चार्ल्स मान यांनीं अभियांत्रिकी शिक्षणाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत अभियंत्यांनींच आपल्या धंद्यास लागणाऱ्या गुणांचें मोल ठरविलें होतें. शंभर भागांपैकीं ज्ञान व तंत्र या दोहोंस मिळून त्यांनीं पंचवीसच भाग दिले. उरलेले पंचाहत्तर चारित्र्य, निर्णयशक्ति, कार्यक्षमता आणि माणसांची पारख यांच्या वांट्यास आले.

आमच्याकडे या गुणांच्या शिक्षणास एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे 'उमेदवारी'. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पुढें जागा मिळेल या आशेनें जाणत्या माणसाच्या हाताखालीं राबणारा तो उमेदवार. नाना फडणिसांच्या काळीं पुण्याच्या हुजूर दफ्तरांत दोनशेंहून अधिक कारकून होते असें सांगतात. असल्या दफ्तरांत वडीलधाऱ्या कारकुनाशेजारीं बसून मुलगा मोडी अक्षर वळवी व हिशेब शिके. परंतु त्याबरोबर तो आणखीहि कांहीं शिके. पत्राचा मायनाच पहा. कोणास कोणत्या शब्दांनीं संबोधावें, रुष्ट सरदारास लिहितांना विनंति कोठें करावी व आग्रह कोठें धरावा, हें पत्र घेणाराचा मान व मनःस्थिति ओळखल्यावांचून साधत नाहीं. अक्षर आणि आचरण हीं दोन्हीं एकाच शिक्षणाचीं अंगें आहेत, ही दृष्टि दासबोधांतहि दिसते. ज्या ग्रंथांत लेखनक्रियेसाठीं एक समास वेंचला आहे, त्याच ग्रंथांतील उत्तम लक्षणांच्या समासांत सभेंतील संकोच व बाष्कळ बडबड या दोहोंपासून सावध राहण्यास सांगितलें आहे.

मात्र जुन्या गोष्टीचें कौतुक करितांना तिची दुसरी बाजू झांकणें हा इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होय. या शाळेचें दार सर्वांस उघडें नव्हतें. दफ्तरांत कोणाच्या शेजारीं कोणी बसावें हें बहुधा जातीनें व घराण्यानें ठरलेलें असे. शिवाय उमेदवारींत फुकट राबवून घेणें होतें, आणि वरिष्ठाची हांजी हांजी करणें यासच पुष्कळदां व्यवहारचातुर्य म्हणत. पुढें १८१८ मध्यें पेशवाई गेली, १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ निघालें, आणि पदवी हें नोकरीचें दार झालें. परीक्षा ज्ञानाची झाली. वागणुकीचें शिक्षण घराकडे राहिलें. ज्याच्या घरीं चार शिकलेलीं माणसें येत-जात, अर्ज कसा लिहावा व साहेबासमोर कसें उभें रहावें याची चर्चा चाले, त्या मुलास हें शिक्षण न मागतां मिळालें. ज्याचा बाप दिवसभर शेतांत राबत होता, त्यास गुण मिळाले तरी ही शिदोरी मिळाली नाहीं. आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गानें जिला आपली उपजत बुद्धि मानलें, तिच्यांत घराच्या ओसरीचा वांटा केवढा होता, याचा विचार आम्हीं क्वचितच केला.

ज्यांस अशी ओसरी नव्हती त्यांच्यासाठीं ती उभारण्याचें काम कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं केलें. १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ मध्यें ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीस जेवीत आणि शेतांत काम करून शिक्षणाचा खर्च भागवीत. हें चालविण्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले. 'कमवा व शिका' हें सूत्र आपण पैशाच्या अडचणीवरील उपाय म्हणून वाचतों. पण त्याचें फळ त्याहून मोठें होतें. ज्याच्या हातून भाकरी करपली त्यास साऱ्या पंक्तीचा रोष सोसावा लागणार; ज्याच्याशीं काल भांडण झालें त्याच्याबरोबरच आज मोट हांकावी लागणार. रागावर ताबा, कबूल केल्या कामाची लाज आणि परक्या घरांतून आलेल्या मुलाचें मन ओळखणें, हे गुण अशा ठिकाणीं व्याख्यानावांचून अंगीं मुरतात. किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार करीत भाऊराव स्वतः खेडोपाडीं हिंडलेले होते. माणसांशीं बोलण्याची विद्या माणसांतच मिळते, हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें.

यावरून निघणारा बोध आम्हांस असा दिसतो. हे गुण शिकवितां येत नाहींत असें नाहीं. पण ज्यांत आपल्या चुकीची झळ दुसऱ्यास लागते असें खरें काम, आणि ती चूक दाखवून पुन्हां काम सोंपविणारा वडील माणूस, या दोहोंवांचून ते येत नाहींत. १९६१ च्या कायद्यानें 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द सरकारदरबारीं जिवंत ठेविला आहे. परंतु तयार माणूस मागणाऱ्या मालकांपैकीं स्वतः माणूस तयार करण्यास वेळ देणारे थोडे. त्यांतून मुलाखतींत मृदु कौशल्याच्या नांवाखालीं इंग्रजी उच्चार व पोशाख यांचीच परीक्षा झाली, तर जातीच्या जुन्या दारावर नव्या रंगाचा हात फिरविल्यासारखें होईल.

आमच्या वाचकांच्या घरीं ओसरी आहे. तेथें मुलामुलींनीं केवळ परीक्षेचा अभ्यास करावा, बाकीचें आम्ही पाहूं, अशी रीत पडली आहे, ती सोडावी. आजाऱ्याची उसाबर, पाहुण्याची व्यवस्था, शेजाऱ्याशीं पडलेला तंटा, हीं कामें त्यांच्याकडे द्यावीं, व तीं बिघडलीं तरी पुन्हां त्यांच्याकडेच द्यावीं. आणि ज्या मुलाच्या घरीं अशी ओसरी नाहीं, तो कामाच्या ठिकाणीं आपल्या हाताखालीं आला असतां, त्याच्या अडखळत्या बोलण्यावरून त्याची किंमत करण्यापूर्वीं आपल्या शेजारीं त्यास बसावयास जागा द्यावी.