हाडाच्या भरवशावर

‘कुत्र्याचे दात कसले घासता? अधूनमधून मटणाची नळी टाका, आपोआप साफ होतात. लांडग्याला कोण ब्रश करतं? धनगराच्या कुत्र्याने कधी टूथपेस्ट पाहिली आहे?’ कुत्रा पाळणाऱ्यांच्या गप्पांत हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की घरी ब्रश करणाराच ओशाळतो.

या मताच्या बाजूने पुरावा आहे, तो आधी मान्य करू. 2016 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांना गाईगुरांची कच्ची हाडं चघळायला दिली, तेव्हा तीन आठवड्यांच्या आतच दातांवरचं किटण निम्म्याहून अधिक उतरलं. हाड दात खरवडतं, यात वाद नाही.

पण कुत्र्याचे दात पडतात ते हिरडीच्या कडेला आणि तिच्याखाली वाढणाऱ्या जिवाणूंमुळे. दातावर रोज बुळबुळीत थर धरतो. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असल्याने दात सहसा किडत नाहीत. मात्र त्या थरात क्षार साचून दोन-तीन दिवसांत किटण बनू लागतं. थर हिरडीखाली शिरला की हिरडी सुजते, दात धरून ठेवणारं हाड झिजतं आणि शेवटी दात हलू लागतो. नळी घासते ती मुख्यतः मागच्या दाढांची वरची बाजू. म्हणून ओठ उचलून पाहावं, तर दाढ पांढरीशुभ्र आणि तिच्या मुळाशी हिरडीची कड लालभडक, असं चित्र दिसू शकतं. त्यातून कुत्रा दुखणं दाखवत नाही. दुसऱ्या बाजूने चावतो आणि ताट चाटूनपुसून साफ करतो.

आता लांडग्याचा, म्हणजे रानातल्या जनावरांचा दाखला. आफ्रिकेतले रानकुत्रे शिकार हाडांसकट खातात. 1999 साली त्यांच्या 29 कवट्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. दहांतल्या चारांत हिरड्यांच्या रोगाच्या खुणा होत्या, आणि जवळजवळ निम्म्यांचे दात तुटलेले होते. निसर्गाने त्यांचीही हमी घेतलेली नव्हती.

तुटण्याची भीती घरातही खरी आहे. कुत्र्याच्या दातावरचं कवच माणसाच्या मानाने पातळ असतं, आणि कठीण नळी फोडताना वरची मोठी दाढ उभी चिरते. शिवाय आपल्याकडे कुत्र्याच्या वाट्याला येतं ते रश्श्यातलं शिजलेलं हाड. त्याच्या अणकुचीदार कपच्या होऊन घशात-आतड्यात रुततात; रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, तो वेगळाच. चघळायला काही द्यायचंच तर आधी त्यावर अंगठ्याचं नख दाबावं. नख रुतलं नाही, तर ती वस्तू दातापेक्षा वरचढ ठरेल.

उलट बाजूचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. संशोधक यान लिंदे आणि सहकाऱ्यांनी बीगल कुत्र्यांवर चार वर्षं केलेला प्रयोग 1975 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे दात रोज घासले, त्यांच्या हिरड्या शाबूत राहिल्या. ज्यांच्या दातांवर थर साचू दिला, त्यांच्यात रोग बळावला.

घासणं अवघडही नाही. सुरुवातीचे काही दिवस बोटाला मलमल गुंडाळून नुसत्या हिरड्या चोळाव्यात, मग लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा. जबडा उघडायची गरज नाही. ओठ वर करून दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुष्कळ, आतली बाजू जीभ बरीचशी सांभाळते. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरावा आणि वरच्या मागच्या दाढांकडे जास्त लक्ष द्यावं. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी. माणसांच्या काही पेस्टमधलं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेततं. हे रोज व्हावं. आठवड्यातून एकदा घासून किटण थांबत नाही.

जुनं, घट्ट बसलेलं किटण मात्र ब्रशने निघत नाही. ते पशुवैद्याने भूल देऊन, हिरडीखालपर्यंत काढायचं असतं. भूल न देता वरवर खरवडून देणारेही भेटतात. त्यांच्याकडून दात चकाकतात, हिरडीखालचा रोग तसाच राहतो. म्हणजे पैसे मोजून पुन्हा नळीचाच न्याय.